सत्कर्म आणि सरकारी सवलत

नीतिशास्त्रांतील कांहीं प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत जितके स्पष्ट होत नाहींत तितके एखाद्या घरगुती हिशेबाच्या कागदावर होतात. असा एक कागद २०२५ च्या डिसेंबर महिन्यांत आमच्या हातीं आला. आमचे एक जुने स्नेही गेलीं तीस वर्षें अमेरिकेंत आहेत. त्या देशाच्या ईशान्येकडील ज्या राज्यांत ते राहतात, तेथें नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत घर तापविल्यावांचून निभाव लागत नाहीं. त्यांचें दुमजली लांकडी घर आहे. वरच्या मजल्यावर ते सहकुटुंब राहतात आणि खालचा मजला त्यांनीं एका वृद्ध बाईंना भाड्यानें दिला आहे. तळघरांत दोन मजल्यांच्या दोन निराळ्या भट्ट्या होत्या व दोन्ही तेलावर चालत. २०२४ सालीं आमच्या स्नेह्यांनीं आपल्या मजल्याची भट्टी काढून तिच्या जागीं हीट पंप बसविला. त्यास १६,००० डॉलर खर्च आला. पुढील वर्षीं आयकराचें विवरणपत्र भरतांना त्या खर्चाबद्दल २,००० डॉलर त्यांच्या करांतून वजा झाले. खालच्या मजल्यावर मात्र अद्यापि तेलच जळत आहे.

या हिशेबाखालीं आमच्या स्नेह्यांनीं एक प्रश्न लिहिला होता. "सरकार म्हणतें कीं तुम्हीं चांगलें काम केलें, आणि त्याबद्दल पैसे देतें. पण खरें सांगावयाचें तर आमची भट्टी पंचवीस वर्षांची होऊन मोडकळीस आली होती. सवलत नसती तरी आम्हीं हेंच यंत्र घेतलें असतें. खालच्या बाईंच्या मनांत असलें तरी त्यांना तें घेतां येत नाहीं, आणि त्यांना कोणी कांहीं देतहि नाहीं. मग हे दोन हजार डॉलर आमचे कसे झाले?"

वस्तुतः या एका प्रश्नांत दोन प्रश्न आहेत. पहिला जुनाच आहे: सत्कर्माबद्दल पैसे द्यावे घ्यावे काय? दुसऱ्याची चर्चा त्या मानानें क्वचितच होते: द्यावयाचेच ठरले तर ते कोणास व कोणत्या रीतीनें द्यावे? नीतीची चर्चा करणारे लोक पहिल्या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च करतात. आमच्या मतें तो त्या मानानें सोपा आहे. खरी नीति दुसऱ्यांत गुंतलेली आहे. हेंच आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

परंतु त्यापूर्वीं ज्या वस्तूवरून हा प्रश्न निघाला ती वस्तु वाचकांस नीट कळली पाहिजे. हीट पंप हें नांव आपल्याकडे नवीन वाटलें तरी त्यामागील तत्त्व आपल्या स्वयंपाकघरांत आहे. रेफ्रिजरेटरच्या पाठीमागें हात धरला तर ऊन हवा लागते. ती ऊब आंतील पदार्थांतून काढून बाहेर टाकलेली असते. हीट पंप याच रीतीनें घराबाहेरील थंड हवेंतून उष्णता काढतो व ती घरांत आणून सोडतो. थंड हवेंत उष्णता कोठली, असें कोणास वाटेल. परंतु शून्याखालीं दहा अंशांवर गेलेली हवाहि, निरपेक्ष शून्यापासून मोजूं लागल्यास, सुमारें २६३ अंश वर असते. लवकर वाफ होणारा एक द्रव नळ्यांतून त्या हवेंत फिरवून त्याची वाफ करावयाची, ती वाफ दाबून अधिक उष्ण करावयाची, आणि घरांत आणून तिचा पुन्हां द्रव होऊं द्यावयाचा, एवढीच ही क्रिया. मोटेचे बैल पाणी निर्माण करीत नाहींत, तें विहिरींतून वर आणतात; त्याचप्रमाणें हें यंत्र उष्णता निर्माण करीत नाहीं, ती उपसतें. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून तें साधारणतः तीन युनिट उष्णता घरांत आणूं शकतें. थंडी फार कडक पडली म्हणजे हें प्रमाण उतरतें, तरी तेल जाळण्यापेक्षां यांत धूर पुष्कळच कमी. पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्ध झालेले विल्यम टॉमसन यांनीं ही कल्पना १८५२ सालींच मांडली होती, आणि १९३८ सालीं स्वित्झर्लंडांतील झूरिक शहराच्या नगरगृहांत लिम्मात नदीच्या पाण्यांतून उष्णता उपसणारें यंत्र बसलेंहि होतें. कल्पना जुनी, पण तेल आणि कोळसा स्वस्त होता तोंपर्यंत तिची चाड फारशी कोणास वाटली नाहीं. आतां तेलाच्या धुरानें सर्व पृथ्वीचें हवामान बिघडतें हें कळल्यावर सरकारें या यंत्राच्या मागें लागलीं आहेत.

अमेरिकेंत १६ ऑगस्ट २०२२ रोजीं अध्यक्ष जो बायडेन यांची स्वाक्षरी होऊन इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट हा कायदा झाला. त्यानें हीट पंप बसविणाऱ्यांसाठीं मदतीच्या दोन वाटा काढल्या. एक करांतील सवलत. १ जानेवारी २०२३ पासून, आपल्या राहत्या घरांत हें यंत्र बसविणाऱ्यास खर्चाच्या ३० टक्के, परंतु वर्षास २,००० डॉलरांहून अधिक नव्हे, इतकी रक्कम आपल्या केंद्रीय आयकरांतून कमी करून घेतां येऊं लागली. दुसरी किंमतींतील सूट. ही विकत घेतांनाच मिळावयाची व तिची मर्यादा हीट पंपापुरती ८,००० डॉलरांची. त्या भागांतील मधल्या कुटुंबाचें जें उत्पन्न असेल त्याच्या ८० टक्क्यांहून कमी उत्पन्न असणारांस या मर्यादेपर्यंत सर्व खर्च. ८० ते १५० टक्क्यांपर्यंतच्या लोकांस निम्मा. त्याहून वरच्यांस कांहीं नाहीं. पहिली वाट केंद्र सरकारच्या करखात्यांतून जात असे, दुसरी एकेका राज्य सरकारच्या कचेरींतून जाते. या दोन वाटांतील भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. कारण आमच्या सर्व विवेचनाचा कणा तोच आहे.

आतां पहिला प्रश्न. चांगलें काम पैसे देऊन करविलें तर तें चांगलें राहतें काय? ज्या देशांत फलाची आशा सोडून कर्म करावें ही शिकवण घरोघर ठाऊक आहे, तेथें या प्रश्नाचें उत्तर नकारार्थीं येण्याकडे मनाचा कल असणें साहजिक आहे. पाश्चात्यांतहि हें मत नवीन नव्हे. १९७० सालीं इंग्लंडांत रिचर्ड टिटमस यांनीं रक्तदानावरील आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, रक्ताबद्दल पैसे देण्याची चाल पडली म्हणजे देण्याची वृत्ति क्षीण होते आणि मिळणारें रक्तहि हीन दर्जाचें होतें. पाणपोई घालणाऱ्यास प्रत्येक तांब्यामागें दाम मिळूं लागला तर ती पाणपोई राहील कीं दुकान होईल, ही शंका आपल्याकडील कोणाहि शहाण्या माणसास येईल.

परंतु ही शंका येथें लागू पडत नाहीं. पाणपोई घालणारा देतो. त्याचें सुख देण्यांतच आहे. हीट पंप घेणारा आपल्या घराची ऊब विकत घेतो, आणि तेलाच्या ऐवजीं या यंत्राची निवड करतांना पदरचे अधिक पैसे घालतो. या अधिक पैशाचें फळ कोणास मिळतें? त्यांतील थोडें त्याच्या घरांत राहतें. पण जो धूर निघाला नाहीं त्याचा लाभ सर्व पृथ्वीवर पसरतो. कर्बवायूस राष्ट्रांच्या सीमा ठाऊक नसतात. अमेरिकेंतील तळघरांत जें तेल जळलें नाहीं त्याचा लाभ कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळ्यालाहि तितकाच आहे. असें असतां सर्व खर्च एकट्यानें सोसावा आणि फळ सर्वांनीं खावें हें न्याय्य कसें? केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हाच विचार शास्त्रीय रीतीनें मांडला आहे: ज्या कृत्यानें तिऱ्हाइताची हानि होते त्यावर कर बसवावा, आणि ज्यानें तिऱ्हाइताचा लाभ होतो त्यास सरकारनें साह्य द्यावें. या दृष्टीनें पाहतां सरकारची सवलत ही सद्गुणाचें बक्षीस नव्हे, कीं सत्कर्माची लांच नव्हे. सर्वांच्या लाभाच्या कामांत सर्वांनीं घातलेला तो वांटा आहे. गांवच्या विहिरीचा गाळ एकानें काढला व बाकीच्यांनीं त्याच्या मजुरीस हातभार लावला तर त्याच्या पुण्यास उणेपणा येत नाहीं.

येथवर सर्व ठीक आहे, आणि आमच्या स्नेह्यांस येथेंच थांबून समाधान मानतां आलें असतें. पण हेंच उत्तर खरें मानलें तर त्यांतून दुसरा प्रश्न अधिक तीव्र होऊन पुढें येतो. सवलत ही सद्गुणाचें बक्षीस नसून न निघालेल्या धुराबद्दलचा वांटा असेल, तर ती धुराच्या मापानें मिळाली पाहिजे. वरच्या मजल्यावरील तेल थांबलें म्हणून जितका धूर कमी झाला, तितकाच खालच्या मजल्यावरील तेल थांबल्यानें कमी होईल. छप्पर एक, भिंती त्याच, थंडीहि तीच. मग एका मजल्यास दोन हजार डॉलर आणि दुसऱ्यास शून्य, हें कोणत्या तराजूनें तोललें?

उत्तर असें कीं, ही सवलत धुराच्या तराजूनें तोललेलीच नाहीं. ती कराच्या तराजूनें तोलली आहे. करांतून कांहीं कमी व्हावयाचें तर आधीं कर देणें असला पाहिजे. या सवलतीची रक्कम कर शून्य होईपर्यंतच घेतां येत असे. उरलेली रोख मिळत नसे व पुढील वर्षाच्या करांतहि वळती होत नसे. ज्या वृद्ध माणसाचा निर्वाह मुख्यतः सरकारी निवृत्तिवेतनावर चालतो त्यास अमेरिकेंत बहुधा केंद्रीय आयकर लागत नाहीं; म्हणून त्यास ही सवलतहि नव्हती. म्हणजे खालच्या बाई उद्यां घराच्या मालकीण झाल्या, आणि कोठूनहि सोळा हजार डॉलर उभे करून त्यांनीं तेंच यंत्र बसविलें, तरी त्यांच्या हातीं एक छदामहि येणार नाहीं. शिवाय त्या भाडेकरू आहेत. भाडेकरूनें स्वतःच्या खर्चानें यंत्र बसविल्यास कायदा त्यास सवलतीचा हक्क देत असे खरा. पण दुसऱ्याच्या भिंतींत सोळा हजार डॉलर कोण पुरून ठेवील? उलट, घरमालकानें भाड्यानें दिलेल्या भागांत यंत्र बसविलें तर तें त्याचें स्वतःचें राहतें घर नव्हे, म्हणून त्यासहि ही सवलत नव्हती. अशा रीतीनें खालचा मजला दोन्ही दारांबाहेर राहिला.

हें एका घराचें दुर्दैव म्हणून सोडून देतां येत नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंतील सेव्हेरिन बोरेन्स्टाइन आणि लुकस डेव्हिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील करविवरणांवरून या प्रकारच्या सवलतींचा हिशेब मांडला आहे. २००६ सालापासून हीट पंप, सौर तावदानें, विजेच्या मोटारी इत्यादि वस्तूंबद्दल कुटुंबांस मिळून सुमारें ४७ अब्ज डॉलरांची सवलत मिळाली, असें त्यांच्या २०२४ च्या निबंधांत दिसतें. कुटुंबांचे उत्पन्नाप्रमाणें पांच समान भाग केले तर सर्वांत वरच्या एका भागानें या रकमेपैकीं सुमारें ६० टक्के घेतली. खालच्या तीन भागांस मिळून सुमारें १० टक्केच आली. विजेच्या मोटारींच्या बाबतींत तर वरच्या भागाचा वांटा ८० टक्क्यांहूनहि अधिक होता. याच डेव्हिस यांनीं दुसऱ्या एका अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, अमेरिकेंत हीट पंप असणें किंवा नसणें याचा उत्पन्नाशीं फारसा संबंधच नाहीं. संबंध आहे तो हवामानाशीं आणि विजेच्या दराशीं. हिवाळा सौम्य व वीज स्वस्त अशा आग्नेयेकडील राज्यांत साध्यासुध्या घरांतूनहि तो पुष्कळ आढळतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गरिबास हें यंत्र नको असतें किंवा वापरतां येत नाहीं असें नाहीं. यंत्र गरिबाच्या दाराशीं पोंचतें. सवलत तेवढी पोंचत नाहीं.

येथें तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, जो कर देत नाहीं त्यानें करांतील सूट मागावीच कशी? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? हा आक्षेप व्यवहारी दिसतो, पण तो शब्दांवर उभा आहे. सरकारनें एका माणसाचे दोन हजार सोडून दिले काय आणि दुसऱ्यास दोन हजार रोख दिले काय, तिजोरी दोन्ही वेळां तेवढीच उणी होते. एकास सोडणें व दुसऱ्यास देणें यांत जो फरक वाटतो तो आपल्या अभिमानाचा आहे: पहिला म्हणतो, माझेंच मीं परत घेतलें, दुसऱ्यास म्हणावें लागतें, मीं मदत घेतली. वास्तविक दोघांनींहि सर्वांच्या पैशांतून घेतलें. आणि ज्या बाईंनीं उभ्या आयुष्यांतील प्रत्येक वेतनांतून सामाजिक सुरक्षेचा कर कापून दिला, त्यांस आयकर नाहीं एवढ्यावरून ‘कर न देणारी’ म्हणणें हें भाषेसहि धरून नाहीं आणि न्यायासहि.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवें यंत्र आरंभीं महाग असतें. ज्यांस परवडतें त्यांनीं तें आधीं घेतल्यानेंच कारखाने वाढतात, कारागीर तयार होतात, किंमत उतरते, आणि मग तें गरिबास मिळतें. म्हणून श्रीमंतांस दिलेली सवलत पुढें सर्वांनाच फळते. यांत तथ्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, आरंभीं कोणीतरी यंत्रें घेतलीं पाहिजेत. तीं श्रीमंतांनींच घेतलीं पाहिजेत असें नाहीं. खालच्या मजल्यावर बसविलेल्या यंत्रानेंहि कारखान्यास तितकेंच काम मिळतें आणि कारागिराचा हात तितकाच वळतो. शिवाय आमच्या स्नेह्यांची कबुली येथें आठवावी: सवलत नसती तरी त्यांनीं हेंच यंत्र घेतलें असतें. म्हणजे त्या दोन हजारांनीं नवें असें कांहींच घडविलें नाहीं. झालेल्या निश्चयावर तें वरचें तूप झालें. जेथें पैशावांचून निश्चयच होऊं शकत नव्हता, तेथें तो पैसा गेला नाहीं. न्यायाची गोष्ट बाजूस ठेवून केवळ धूर कमी करण्याच्या हेतूनें पाहिलें, तरी हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच युक्तिवादांतून निघतो, म्हणून तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. लाभ सर्वांचा असेल तर वांटाहि सर्वांस सारखा हवा. मग किंमतींतील सूट श्रीमंतांस नाकारते, हाहि अन्याय नव्हे काय? आमचें उत्तर असें. समान धुरास समान मान हें तत्त्व खरें आहे. पण त्याबरोबर दुसरेंहि एक तत्त्व आहे: ज्या कामांत सर्वांनीं भाग घ्यावा अशी आपली इच्छा आहे, त्यांत पडण्याची शक्ति ज्यास नाहीं त्यास ती आधीं दिली पाहिजे. श्रीमंतास वांटा देणें चूक नव्हे. परंतु तिजोरी मर्यादित असतां ज्याचें काम वांट्यावांचून अडत नाहीं त्यास आधीं आणि ज्याचें अडतें त्यास मागून, हा क्रम उलटा आहे. दोन्ही तत्त्वांची सांगड घालतां येते. जर्मनीनें २०२४ पासून जी योजना केली तींत घर तापविण्याचें जुनें साधन बदलणाऱ्या प्रत्येक घरमालकास खर्चाच्या ३० टक्के अनुदान ठेवलें, आणि स्वतः राहणाऱ्या ज्या मालकाच्या कुटुंबाचें करपात्र उत्पन्न वर्षास ४०,००० युरोंच्या आंत आहे त्यास आणखी ३० टक्के. इतर कारणांनीं मिळणारी वाढ धरून एकंदर मर्यादा ७० टक्के. तेथें वांटा सर्वांस आहे आणि दुबळ्याचा हात अधिक भरला आहे. भाडेकरूचा प्रश्न तिनेंहि सुटत नाहीं. पण मदत आयकराच्या आकड्यावर टांगून ठेवावी लागत नाहीं, इतकें तिच्यावरून सिद्ध होतें.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचा विचार करतांना देश, काल आणि पात्र या तिहींकडे पाहावयास सांगितलें आहे. सरकारची सवलत दान नव्हे हें वर आलेंच. पण जी कसोटी दानासहि लागते ती हक्काच्या वांट्यास तर अधिकच लागावी. पात्राचा विचार आम्हीं केला. देशाचा विचार केला तर किंमतींतील सुटीची सूत्रें एकेका राज्याच्या हातीं दिल्यामुळें एका राज्यांतील गरिबास ती मिळाली तेव्हां शेजारच्या राज्यांतील गरीब वाटच पाहत होता. आणि कालाचा विचार केला तर मनास अधिकच खेद होतो. कायदा ऑगस्ट २०२२ चा. करांतील सवलत साडेचार महिन्यांत साऱ्या देशभर सुरू झाली. तिला नव्या कचेरीची गरज नव्हती, विवरणपत्रावरील एक रकाना पुरला. किंमतींतील सूट देणारें पहिलें राज्य न्यूयॉर्क. तेथें ती २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाली. नियम करावयाचे, उत्पन्नाचे दाखले तपासावयाचे, कंत्राटदार नेमावयाचे, यांत पावणेदोन वर्षें गेलीं. इतर राज्यें त्याहून मागें; आणि २०२५ च्या आरंभीं केंद्राकडील पैसा अडल्यामुळें कांहीं राज्यांस सुरू केलेली योजनाहि थांबवावी लागली. ज्याच्याजवळ पैसा होता त्याच्या शब्दावर सरकारनें विश्वास ठेवला. ज्याच्याजवळ नव्हता त्याच्याकडे आधीं दाखले मागितले. कोणाच्या मनांत दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण सज्जनांनीं केलेली योजनाहि सोयीच्या वाटेनें वाहूं लागली म्हणजे उताराकडे न जातां भरल्या तळ्याकडे जाते, हें यांत दिसून आलें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून कालाचा विचार पुरा होत नाहीं. करांतील सवलत २०३२ सालाच्या अखेरपर्यंत चालेल असें कायद्यांत लिहिलें होतें. ४ जुलै २०२५ रोजीं अध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनीं स्वाक्षरी केलेल्या नव्या कायद्यानें ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसविलेल्या यंत्रांस बंद केली. राज्यकर्ते बदलतात तसे कायदेहि बदलतात. तो लोकसत्तेचा धर्मच आहे, आणि सवलती चालू ठेवाव्या कीं नाहीं यावर सुज्ञांत मतभेद असूं शकतो. पण सरकारनें दहा वर्षांचा शब्द देऊन तो तीन वर्षांत संपविला म्हणजे त्याची झळ सर्वांस सारखी लागत नाहीं. ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांनीं उरलेल्या सहा महिन्यांत घाई करून यंत्रें बसवून घेतलीं असतील. ज्यांनीं ‘दरमहा थोडें थोडें बाजूस टाकूं, २०२८ पर्यंत जमेल’ असा बेत केला असेल, त्यांच्या बेताचें काय? घाई करण्यासहि ऐपत लागते. गरीब मनुष्य काटकसरीनें चालतो, म्हणजे तो भविष्यावर भिस्त ठेवून चालतो; म्हणून दिलेला शब्द मोडल्यानें त्याचें जितकें नुकसान होतें तितकें दुसऱ्या कोणाचें होत नाहीं. शब्द पाळणें हा सद्गुण आपण सामान्यतः व्यक्तींत शोधतों. आमच्या मतें तो व्यक्तीपेक्षांहि सरकारांत अधिक अगत्याचा आहे, कारण सरकारच्या शब्दावर लक्षावधि लोक आपल्या संसाराचीं गणितें मांडतात.

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. ते दोन हजार डॉलर त्यांचे आहेत काय? कायद्यानें आहेत, यांत शंका नाहीं. नीतीनें पाहिलें तर त्यांनीं कोणाचे हिरावून घेतले नाहींत. नियम जसा होता तसा त्यांनीं पाळला, आणि धूर तर खरोखरच कमी केला. म्हणून त्यांनीं अपराध्यासारखें वाटून घेण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या कामाचा वांटा म्हणून ही रक्कम मिळाली तें काम त्यांनीं तिच्यावांचूनहि केलें असतें, आणि त्याच छपराखालीं त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग केवळ पैशावांचून अडून राहिला आहे. अशा स्थितींत तो पैसा आपला म्हणण्यापेक्षां अर्ध्या राहिलेल्या कामाची आपल्यापाशीं आलेली ठेव म्हणणें अधिक खरें होईल. असें आम्हीं त्यांस लिहिलें.

त्यांचें उत्तर आलें तें आमच्या उपदेशास थोडें खालीं उतरविणारें होतें. त्यांनीं लिहिलें कीं, पत्र पोंचण्यापूर्वींच त्यांनीं बाईंपाशीं गोष्ट काढून पाहिली होती. बाईंनीं आभार मानले आणि नको म्हणून सांगितलें. त्यांचें म्हणणें असें: "भट्टी जुनी असली तरी चालते. तेलाचा खर्च मला ठाऊक आहे. विजेचें बिल किती येईल तें मला ठाऊक नाहीं. आणि घरांत नवें यंत्र आलें म्हणजे भाडें वाढतें, हें मीं आयुष्यभर पाहिलें आहे." या तीनहि वाक्यांत खोटें असें कांहीं नव्हतें. त्या भागांत वीज महाग आहे. तेलाच्या जागीं हीट पंप आल्यानें बहुधा बचत होते, पण ती घराच्या बांधणीवर व दरांवर अवलंबून असते. आणि भिंतींत बसविलेल्या यंत्रानें जी किंमत वाढते ती घराची, म्हणजे मालकाची; भाडेकरूची नव्हे. आम्हीं देश, काल, पात्र यांचा एवढा विचार केला, पण जिला द्यावयाचें तिला काय भीति वाटते हें विचारण्याचें आमच्या मनांतच आलें नाहीं. मोठमोठे कायदे करणारांच्याहि मनांत तें पुष्कळदां येत नसावें.

स्नेह्यांनीं मग एक कागद तयार केला. त्यांत त्यांनीं तीन गोष्टी लिहून दिल्या: यंत्राचा खर्च आपण करूं व त्यांत ते दोन हजार घालूं, पांच वर्षें भाडें वाढविणार नाहीं, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत विजेचा खर्च गेल्या वर्षींच्या तेलाच्या खर्चाहून अधिक आला तर वरची रक्कम आपण भरूं. राज्याच्या कचेरीकडे किंमतींतील सुटीसाठीं अर्जहि केला. हा लेख लिहीत असतां कचेरीकडून उत्तर आलेलें नाहीं. बाईंनीं कागद ठेवून घेतला आहे आणि मुलीला दाखवून सांगतें म्हणून म्हटलें आहे. त्या काय म्हणतील हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि त्यांनीं होय म्हणावें असा आग्रहहि आम्ही धरणार नाहीं. मात्र त्या कागदाकडे पाहून आम्हांस असें वाटलें कीं, सरकारनें जो कायदा आधीं करावयास हवा होता त्याचा मसुदा आमच्या स्नेह्यांनीं आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून एका संध्याकाळीं लिहून काढला आहे. त्यांत किती द्यावयाचें हें एका ओळींत आलें आहे. बाकी सर्व ओळी, घेणारीस तें निर्धास्तपणें घेतां यावें म्हणून आहेत.